हवा बाहेर कुठनं जाणार?

गॅरेजच्या फरशीवर काढून ठेवलेली ब्रेकची डिस्क अण्णांनी उचलली, मधल्या भोकात बोट घालून टांगती धरली आणि दुसऱ्या हातातल्या पान्यानं तिच्यावर हलकेच ठोकलं. कान जवळ नेला. ठक्क असा बसका आवाज आला.

"ग्रे आयर्न," ते म्हणाले. "एस. जी. असतं तर टण्ण वाजलं असतं." ग्रे आयर्न म्हणजे साधं राखाडी बीड, एस. जी. म्हणजे बिडाचाच जास्त चिवट प्रकार.

मग डिस्कच्या दोन थाळ्यांमधल्या फटीत त्यांनी टॉर्च मारली. डोळा बारीक करून आतले पडदे बराच वेळ बघत राहिले. शेवटी डिस्क उलटी केली, बाहेरच्या तोंडावरच्या भेगेवरून नख फिरवलं आणि विचारलं, "ह्याच बाजूला का गेली रं?"

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्यांनी ३४ वर्षं पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारे कारागीर, म्हणून काढली. मे महिन्यात ते आणि आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला आले. आईला नातवंडं होती, शेजारच्या मराठी बायका होत्या, देवळातलं शनिवारचं भजन होतं. अण्णा सकाळी फिरून यायचे, जुना पेपर फोनवर वाचायचे आणि दुपारी खिडकीशी बसायचे. ज्या माणसाला मी लहानपणी कधी बसलेला पाहिला नव्हता, तो असा बसलेला बघणं मला जड जायचं. म्हणून ऑगस्टमधल्या त्या रविवारी डिस्क उतरवली तेव्हा त्यांना मुद्दाम हाक मारली.

गाडी माझदा मियाता, १९९९ सालची. दोन माणसांची, उघड्या छताची, १.८ लिटरच्या इंजिनाची, वजनाला हजार किलोंच्या थोडी वर. ताकद बेताचीच, पण वळणावर इतकी मन लावून चालते की तिच्यात बसल्यावर दिवसभराचं ऑफिस अंगावरून उतरतं. वर्षातून तीन-चार वेळा मी ती विलोज गावाबाहेरच्या थंडरहिल ट्रॅकवर नेतो. शर्यत नसते. आपली गाडी आपण चालवायची, अनुभवाप्रमाणे गट पाडलेले असतात, पुढच्यानं हात दाखवून वाट दिली तरच पुढे जायचं, आणि २० मिनिटांनी परत पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या आवारात, यायचं. बस एवढंच.

जूनमध्ये तिथं पहिल्यांदा ब्रेकनं दगा दिला. उत्तर कॅलिफोर्नियातली ती दरी उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते. चौथी-पाचवी फेरी असेल. मागच्या सरळ पट्ट्यावरून चौदाव्या वळणाकडे येताना पाय दाबला आणि पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त खाली गेलं. पुढच्या वेळी आणखी खाली. मी पटापट दोनदा पंप मारला, गाडी कशीबशी आवरली आणि सावकाश आत आणली. हात थरथरत होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. घरी दोन मुलं आहेत.

ब्रेक दोन तऱ्हांनी हार मानतात आणि पायाला तो फरक कळतो. डिस्कला चिमटणारे पॅड तापले की पेडल घट्टच राहतं, पण कितीही दाबलं तरी गाडी थांबायला तयार होत नाही. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं, कारण द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. ब्रेक ऑइल वर्षभरात हवेतला ओलावा पीत राहतं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल २०५ अंशांना उकळतं, तेच ओलावा प्यायलं की १४० अंशांपर्यंत उतरू शकतं. माझं जुनं झालं होतं. मी ते बदलून रेसिंगचं घातलं, जे नवं असताना ३०० अंशांच्या पुढे टिकतं. पण ऑइल बदलणं म्हणजे ताप उतरवणं नव्हे. ताप येतो कुठून, तो मोजायला बसलो.

गाडी, मी आणि पेट्रोल मिळून ११५० किलो धरू. ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर यायचं तर साडेआठ लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी टाकावी लागते. एवढ्या उष्णतेनं अडीच लिटर गार पाणी उकळीला येतं. दहा-बारा पाहुण्यांच्या चहाचं आधण, तेही तीन सेकंदांत. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून त्यातला सुमारे ७० टक्के वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. एक डिस्क स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेचार किलो भरली. हिशेब केला तर एका मोठ्या ब्रेकला ती सव्वाशे अंशांनी चढते. फेरी सव्वादोन मिनिटांची, फेरीत असे तीन-चार ब्रेक. दोन वळणांच्या मधे तिनं ही उष्णता हवेला दिली नाही, तर पुढचे सव्वाशे आधीच्या सव्वाशेवर चढतात.

आपल्याकडे घाट उतरलेल्या ट्रकजवळ तो एक जळका, आंबूस वास येतो ना, करूळ घाटातून खाली आलं की हमखास यायचा, अगदी तोच वास थंडरहिलच्या पॅडॉकमध्ये दुपारभर असतो. लहानपणी अण्णांनी मला त्या वासाचा अर्थ सांगितला होता. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, नाहीतर ब्रेक रडतात. ट्रॅकवर ते चालत नाही. तिथं ब्रेकनंच काम करायचं असतं, म्हणून त्यांना वारा घालावा लागतो.

जुलैमध्ये मी माझ्या अकलेनं वारा घातला. कपडे वाळवायच्या मशीनला लावतात तो अल्युमिनियमचा घडीचा पाइप आणला, बंपरच्या तोंडापासून चाकापर्यंत नेला, आणि डिस्कच्या आतल्या तोंडावर फुंकर बसेल असा बांधला. पहिल्याच दिवशी स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरनं एक पाइप घासून फाडला. दुसरा टिकला. ऑगस्टच्या ट्रॅक डेला डिस्कच्या कडेवर तापमानाचे तीन रंग लावून गेलो. हा रंग मला फार आवडतो, कारण त्याला खोटं बोलता येत नाही. हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, केशरी ५६० ला पिवळा होतो, लाल ६१० ला पांढरा होतो. एकदा बदलला की परत फिरत नाही. परत आलो तेव्हा हिरवा पांढरा पडला होता, केशरी पिवळा झाला होता. आणि डाव्या डिस्कच्या बाहेरच्या तोंडावर एक भेग थेट कडेपर्यंत गेली होती. बारीक केसासारख्या रेषा चालतात. कडेला भिडलेली भेग दिसली की डिस्क टाकायची.

तीच डिस्क अण्णांच्या हातात होती.

मी त्यांना पाइप दाखवला. वारा कुठं लागत होता ते दाखवलं. त्यांनी चाकाच्या पोकळीत वाकून बघितलं, पंज्याएवढ्या त्या जागेत हात घातला आणि मग तो प्रश्न विचारला, जो मी दोन महिन्यांत एकदाही स्वतःला विचारला नव्हता.

"हवा आत घालतोयस ते बरोबर हाय खरं, बाहेर कुठनं जाणार ती?"

मी म्हणालो, जाईल की कुठूनही, सगळं उघडंच तर आहे. त्यांनी मान हलवली. "साच्यात रस वतायच्या आधी आम्ही तारेनं भोकं पाडतो. आतला वायू निघाया वाट नसली, तर वरनं कितीबी वता, रस जात न्हाई. गेला तर उसळून अंगावर येतोय." बोलता बोलता त्यांनी डावी बाही वर सरकवली. कोपराच्या खाली नाण्याएवढे तीन गुळगुळीत डाग आहेत. ते मी जन्मापासून बघत आलोय. ते असे पडले, हे मला चाळिशी ओलांडल्यावर सनीवेलच्या गॅरेजमध्ये कळलं.

मग आम्ही डिस्ककडे नीट बघितलं. मधे पोकळी असलेली डिस्क म्हणजे खरं तर एक पंखा असतो. फिरताना ती मधल्या डोळ्यातून हवा ओढते आणि आतल्या पडद्यांमधून कडेनं बाहेर फेकते. बाहेरच्या अंगाला टोपी असते, ती चाकाला बोल्टनं बसते. म्हणून तो डोळा फक्त आतल्या बाजूनं उघडा असतो. हवा द्यायची ती तिथं, त्या डोळ्यात. तिथून ती दोन्ही थाळ्या सारख्या गार करत जाते. मी मात्र आतल्या थाळीच्या तोंडावर फुंकत होतो. एक थाळी गार, दुसरी तापलेली, आणि दोघी एकाच अंगाच्या. बीड असं ओढलं जाणं सहन करत नाही. बिडाचा तापलेला तवा नळाखाली धरू नको म्हणून आई ओरडायची, ते याचसाठी.

अण्णांना मात्र दुसरी एक शंका होती. "कोअर सरकला असला तर बाहेरची थाळी पातळ पडली असणार. कापून बघाय पाहिजे." कोअर म्हणजे ओतताना मधली पोकळी राखायला साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा. गॅरेजमध्ये ती सरळ कापता येईल असं काही नव्हतं. त्यांनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळली आणि त्यांच्या खोलीत नेऊन ठेवली.

सप्टेंबरभर आम्ही दोघं रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये असायचो.

आधी हवा कुठून घ्यायची ते ठरवायचं होतं. अशा कामात बरेच जण तो सुबक तिकोनी खड्डा बसवतात, जो नाका (NACA, नासाची पूर्वसंस्था) डक्ट म्हणून ओळखला जातो. त्याचं मूळ संशोधन १९४५ साली मॉफेट फील्डवरच्या एम्स प्रयोगशाळेत झालं, आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर. विमानाच्या सपाट अंगावरून सरकणारी हवा, बाहेर काही न काढता आत घ्यायची, यासाठी तो आकार आहे, आणि त्या कामात तो फार सुंदर आहे. पण गाडीच्या नाकावर वारा समोरूनच आदळत असतो. तिथं साधं भोक जास्त देतं. फक्त ते नेमकं कुठं पाडायचं हे कळायला हवं.

त्यासाठी मुलीच्या परीक्षेच्या पॅडवर पारदर्शक नळी यू आकारात चिकटवली, तिच्यात खायचा लाल रंग घातलेलं पाणी भरलं आणि नळीचं दुसरं टोक बंपरवर वेगवेगळ्या जागी टेपनं लावत गेलो. बायको शेजारच्या सीटवर पॅड मांडीवर उभं धरून बसली. २८० नंबरच्या हमरस्त्यावर ताशी १०५ किलोमीटरला ती मोठ्यानं वाचायची, "पन्नास... बावन्न... हं, पन्नास." बंपरच्या मध्यावर दोन बाजूंच्या पाण्यात पाच सेंटिमीटरचा फरक पडत होता. त्या वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा जेवढा दाब होऊ शकतो तेवढा जवळजवळ पुरता. कोपऱ्याकडे सरकत गेलो तसं पाणी खाली बसत गेलं, आणि बंपर जिथं वळून चाकाकडे जातो तिथं ते उलट्या बाजूला चढलं. म्हणजे तिथं हवा आत येत नव्हती, बाहेर ओढली जात होती. दिसायला मात्र तीच जागा सगळ्यात योग्य वाटते, चाकाच्या अगदी समोर. माझं जुलैतलं तोंड जवळजवळ तिथंच होतं. आम्ही तोंड आत घेतलं, बंपरच्या मोठ्या जबड्याच्या दोन्ही टोकांना, रेडिएटरच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे इंजिनाच्या वाटची हवाही कमी होणार नाही.

आता तिथं बसेल असं चौकोनी तोंड हवं होतं, जे हळूहळू तीन इंची गोल नळीत उतरेल. मी ते थ्रीडी प्रिंटरवर काढून घेणार होतो. अण्णा म्हणाले, लाकूड आण.

दुकानात पाइन मिळालं. त्यांनी ते हातात घेऊन नखानं दाबून बघितलं. "ह्या लाकडाला अंग न्हाई. सागवान न्हाई का मिळत?" नव्हतं मिळत, मिळालं तरी परवडणारं नव्हतं. त्यांनी पाइनचे तुकडे एकमेकांना चिकटवून ठोकळा केला, दोन्ही तोंडांवर पेन्सिलीनं आकार काढले, एकीकडे चौकोन, दुसरीकडे वर्तुळ, आणि पटाशीनं कोपरे काढायला सुरुवात केली. मी बाजूला उभा राहून बघत होतो. त्यांचा हात थरथरतो आता, चहाचा कप धरतानाही थरथरतो; पटाशीवर तो स्थिर होता. प्रत्येक चार-पाच झिलप्यांनंतर ते डोळे मिटून अंगठा लाकडावरून फिरवायचे. चौकोनाची धार कुठं संपते आणि गोलाई कुठं सुरू होते हे मला बोटानं शोधूनही सापडेना. "वाट कुठं एकदम रुंद करायची न्हाई, एकदम वळवायची न्हाई," ते म्हणाले. "रस फुटतो." हवेचंही अगदी तेच असतं, एकदम रुंदावलेल्या नळीत ती भिंतीपासून सुटते आणि आतल्या आत घोळत बसते. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्यांनी ते १३०० अंशांच्या वितळलेल्या बिडावरून ओळखलेलं होतं.

चौथीत असताना मी त्यांची स्टीलची पट्टी दप्तरातून शाळेत नेली होती. भूमितीच्या तासाला माझी दहा सेंटिमीटरची रेघ प्रत्येक वेळी एक मिलिमीटर लांब भरली आणि मी छडी खाल्ली. संध्याकाळी अण्णांनी समजावलं की ही पट्टी आधीच लांब असते. बीड थंड होताना मीटरला सुमारे दहा मिलिमीटर आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि पट्टीवरचे सेंटिमीटरच मोठे आखलेले असतात. दुसऱ्या दिवशी ते पाळी बदलून घेऊन शाळेत आले आणि गुरुजींना ती पट्टी दाखवून गेले. गॅरेजमध्ये हे आठवून दिलं तर म्हणाले, "ती पट्टी हाय अजून. कपाटात."

पॅटर्नला त्यांनी मेण चोळलं, त्यावर आम्ही काचेच्या तंतूंचं कापड आणि इपॉक्सी चढवलं. एका टोकाला निमुळता असल्यानं दुसऱ्या दिवशी हाताच्या एका झटक्यात पॅटर्न बाहेर आला. दोन तोंडं झाली. पॅटर्नच्या पाठीवर त्यांनी कार्बन पेन्सिलीनं तारीख घातली, फाउंड्रीत घालायचे तशी.

बाकीचं काम मेहनतीचं होतं, पण अवघड नव्हतं. डिस्कमागची पत्र्याची ढाल फेकून देणारे बरेच असतात. आम्ही ठेवली, कारण चाकाच्या सांध्यांची, म्हणजे बॉल जॉइंट आणि टाय रॉड यांची, रबरी टोपणं तापलेल्या डिस्कच्या समोरच असतात, ती भाजून निघतात. ढालीला डोळ्याच्या जागी भोक पाडलं, पत्र्याची गळपट्टी रिव्हेटनं बसवली आणि ढालीचा काठ डिस्कच्या जवळ आणला, म्हणजे हवा मधल्या फटीतून पळून न जाता डोळ्यात जाईल. ड्रायरच्या पाइपाऐवजी सिलिकॉन चढवलेला केशरी पाइप घेतला, जो पावणेतीनशे अंशांपर्यंत टिकतो. तो बांधण्याआधी गाडी जॅकवर घेऊन स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघितलं, चाक वर-खाली करून बघितलं, पुन्हा पुन्हा. अण्णा चाकाशी बसून हात वर करायचे: लागतंय, थांब.

आणि बाहेरची वाट? माझ्या गाडीची चाकं मी हौसेनं घेतलेली, जवळजवळ बंद तोंडाची होती. अण्णा त्यांच्यासमोर बसून म्हणाले, "हे झाकण हाय." गाडीसोबत आलेली मूळची चाकं, रुंद फटींच्या आऱ्यांची, गॅरेजच्या माळ्यावर धूळ खात होती. ती धुऊन चढवली.

ऑक्टोबरच्या ट्रॅक डेला अण्णा बरोबर आले. विलोजच्या आसपास सगळी भातशेती आहे. जूनमध्ये मी गेलो तेव्हा खाचरात पाणी आणि वर कोवळी हिरवी पाती होती. आता शेतं सोनेरी होऊन यंत्रांनी कापणी चालली होती. अण्णांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. एका बांधावर उतरून लोंबी हातात घेतली, दाणे मोजले, काही बोलले नाहीत. आमच्या घरी येणारा तो चिकट तांदूळ इथला, हे कळल्यावर त्याच्यावरचा त्यांचा राग मात्र थोडा उतरला.

मी बाहेर गाडी चालवत असताना ते ट्रॅककडे फारसे बघत नव्हते. प्रत्येक सत्रानंतर मी शेवटची फेरी ब्रेकला हात न लावता सावकाश मारायचो, आत येऊन हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी करायचो, आणि तोवर ते चष्मा पुसत चाकाशी येऊन उभे असायचे. आऱ्यांमधून आत बघायचे. चौथ्या सत्रानंतर, दुपारी तीनच्या सुमाराला, हिरवा रंग पांढरा पडलेला होता. केशरी केशरीच होता. ऑगस्टपेक्षा हवा बारा-तेरा अंशांनी गार होती, त्याचं थोडं श्रेय आहेच. पण पाचशेच्या घरातल्या डिस्कला बारा अंशांचा फरक फार नसतो. आणि पेडल दिवसभर होतं तिथंच होतं, पहिल्या फेरीला जसं, शेवटच्याला तसंच.

"कुठनं निघतीया बघितलंस?" अण्णा म्हणाले. त्यांनी माझा हात धरून चाकासमोर, आऱ्यांच्या फटींपाशी नेला. गाडी उभी होती, त्यामुळे वारा नव्हता. पण फटींच्या कडांना आतल्या बाजूनं पॅडची काळी भुकटी चढली होती, प्रत्येक आऱ्याच्या एकाच अंगाला, पंख्याच्या पात्यावर धूळ बसते तशी. हवा तिथून गेली होती. तिनं सही ठेवली होती.

नोव्हेंबरात ते परत गेले. बॅग भरताना आईनं २३ किलोंच्या मर्यादेत साडेचार किलोंचं लोखंड कशाला, म्हणून बरंच ऐकवलं, आणि मग स्वतःच दोन साड्या काढून जागा केली. विमानतळावर तपासणीत बॅग उघडायला लावली असणार, कारण वर्तमानपत्र बदलून डिस्क पुन्हा नीट गुंडाळलेली होती, असं अण्णा नंतर म्हणाले.

डिसेंबरात एका सकाळी फोन आला. ते शिरोलीत होते, मागे ग्राइंडरचा आवाज येत होता आणि तीन-चार माणसं एकाच वेळी बोलत होती. त्यांच्या जुन्या खात्यातल्या पोरांनी डिस्क मधोमध कापली होती. अण्णांनी कॅमेरा कापलेल्या तोंडाजवळ नेला. राखाडी, बारीक कणांचं, ओलसर दिसणारं बीड, मधे पोकळी, दोन्ही अंगांना थाळ्या. जाडी मोजायचा व्हर्नियर लावून दाखवला, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. घासलेलं धरलं तर दोन्ही सारख्या.

"कोअर जागेवर हाय," ते म्हणाले. "कास्टिंगमधे खोट न्हाई. ज्यानं वतलंय त्यानं चांगलं वतलंय."

मग त्यांनी फोन दुसऱ्या कुणाकडे दिला आणि डिस्कचे दोन्ही अर्धे हातात घेऊन तिथल्या पोरांना वारा कुठून आत येतो ते दाखवायला लागले.